टेलोमिअर : वाढवायचे की आवरायचे?

ज्येष्ठांच्या मोबाइलवर ज्या जाहिराती येऊन थडकतात, त्यांत ‘टेलोमिअर’ हा शब्द अलीकडे वरचेवर दिसू लागला आहे. टेलोमिअर लांब करणाऱ्या कॅप्सूल घ्या आणि पेशींचे वय मागे न्या, असा त्या जाहिरातींचा एकंदर सूर असतो. किंमत हजारांत असते, भाषा शास्त्राची असते, त्यामुळे चांगली शिकलेली माणसेही विचारात पडतात. कर्करोगाच्या संशोधनातही हाच शब्द गेली तीस वर्षे गाजतो आहे. पण तेथील प्रयत्न नेमका उलट्या दिशेचा आहे. टेलोमिअर लांब ठेवणारी यंत्रणा बंद कशी पाडावी, याचा शोध तेथे चालला आहे. या खटपटीतून सिद्ध झालेल्या पहिल्या औषधाला जून २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते औषध ज्या आजारावर आहे, तो प्रामुख्याने उतारवयाचा आजार आहे.

एकाच गोष्टीला कोणी अमृत म्हणावे आणि कोणी तिच्यावरच घाव घालावा, हे कोडे, वाचकहो, उलगडून पाहण्यासारखे आहे. त्या कॅप्सूलवर पैसे घालावेत का, हा प्रश्न त्यात आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न असा की, घरातील वृद्ध व्यक्तीचे हिमोग्लोबिन सतत खाली राहत असेल तर ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून स्वस्थ बसावे का?

गोधडीचा गोट

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबच लांब धागा. आपल्या जडणघडणीच्या सूचना त्यावर लिहिलेल्या असतात. या धाग्याच्या दोन्ही टोकांना डीएनएचाच एक विशेष भाग असतो. त्यात जनुके नसतात. टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरे तेथे एखाद्या जपासारखी हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतात. या टोकाला टेलोमिअर म्हणतात.

पूर्वी घरोघरी गोधड्या शिवल्या जात. गोधडीच्या चारही कडांना गोट लावलेला असे. वर्षानुवर्षे पांघरून आणि धुऊन आधी झिजतो तो हा गोट. तो शाबूत असतो तोवर आतले थर उसवत नाहीत. टेलोमिअरचे काम असेच आहे. ते नसेल तर गुणसूत्राचे टोक उघडे पडते; पेशीला वाटते की धागा मध्येच तुटला आहे, आणि ती त्याला दुसऱ्या कुठल्या तरी टोकाशी जोडू पाहते. त्यातून गुणसूत्रांचा नुसता गुंता होतो. फळमाश्यांवर क्ष-किरणांचे प्रयोग करणारे हर्मन म्युलर आणि मक्याच्या गुणसूत्रांचा अभ्यास करणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघांनी १९३०च्या दशकातच ओळखले होते की गुणसूत्राच्या नैसर्गिक टोकात काहीतरी संरक्षक गुण असला पाहिजे. ‘टेलोमिअर’ हे नाव म्युलर यांचे.

पेशी विभागताना डीएनएची प्रत काढावी लागते. प्रत काढणारी यंत्रणा मात्र धाग्याच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत पोहोचू शकत नाही. थोडासा भाग दर वेळी सुटतोच. ही अडचण प्रथम नेमकी मांडली ती अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने, १९७१ साली. मॉस्कोच्या मेट्रो स्थानकावर गाडीची वाट पाहताना त्यांना ही कल्पना सुचली, असे ते सांगत. रुळाच्या शेवटास जाऊन गाडी थांबली तरी पहिल्या डब्याचे दार शेवटापासून काही अंतर मागेच राहते. तेवढी जागा प्रवाशाला कधीच मिळत नाही. पेशीच्या प्रत्येक विभाजनात टेलोमिअरची साधारण ५० ते १०० अक्षरे अशी गळून जातात. रक्तातील पांढऱ्या पेशींत जन्माच्या वेळी ही लांबी सुमारे दहा हजार अक्षरांची असते. वृद्धापकाळी ती पाच-सहा हजारांच्या आसपास उतरते. टेलोमिअर फारच आखूड झाले की पेशी विभागणे थांबवते.

असे थांबणे पेशीच्या स्वभावातच आहे, हे मात्र शास्त्रज्ञांनी सुरुवातीला मानलेच नव्हते. अ‍ॅलेक्सिस कॅरेल या नोबेल पारितोषिक विजेत्या शल्यविशारदांनी १९१२ साली न्यू यॉर्कमध्ये कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या पेशी काचपात्रात वाढवायला घेतल्या, आणि त्या ३४ वर्षे जिवंत ठेवल्याचे जाहीर झाले. पेशी अमर असतात, मरते ते शरीर, अशी त्यावरून समजूत झाली. एवढ्या मोठ्या माणसाच्या प्रयोगावर शंका घेण्याचे धैर्य फारसे कोणाला झाले नाही. १९६१ साली फिलाडेल्फियातील लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी मात्र दाखवून दिले की माणसाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. त्यांचा एक प्रयोग मोठा सुरेख होता. पुष्कळदा विभागून ‘म्हाताऱ्या’ झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच वेळा विभागलेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच पात्रात वाढवल्या. अन्न तेच, हवा तीच. काही काळाने पाहिले तो पात्रात फक्त स्त्रीच्या पेशी उरल्या होत्या. म्हणजे दोष पात्राचा किंवा अन्नाचा नव्हता. मोजणी पेशीच्या आतच चालली होती. पेशी गोठवून कित्येक महिन्यांनी पुन्हा उबेत आणल्या, तरी त्या आपली मोजणी विसरत नसत.

डबक्यातील जीवाने दिलेले उत्तर

मग प्रश्न उरला तो असा, की प्रत्येक पिढीत टेलोमिअर झिजत असतील तर लाखो वर्षे जीवसृष्टी टिकली कशी? बीजपेशींत तरी ही झीज भरून काढणारे काहीतरी असलेच पाहिजे.

त्याचे उत्तर सापडले डबक्याच्या पाण्यात राहणाऱ्या टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जीवात. या क्षुद्र जीवाच्या पेशीत हजारो चिमुकली गुणसूत्रे असतात, म्हणजे टोकांचा सुकाळच. मूळच्या ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या असलेल्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी १९७८ साली त्याच्या टेलोमिअरमधील अक्षरांचा क्रम वाचला. पुढे बर्कली येथे त्यांची विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर हिने त्या जीवाच्या पेशींतून टेलोमिअर वाढवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, शोधून काढले. १९८४च्या नाताळच्या दिवशी सगळे सुटीवर असताना ती प्रयोगशाळेत आली आणि क्ष-किरणाच्या फिल्मवर तिला सहा-सहा अक्षरांच्या पायऱ्या उमटलेल्या दिसल्या. या विकराचे नाव टेलोमरेज. त्याच्यापाशी आरएनएचा एक छोटा तुकडा असतो. शिंप्यापाशी मापाचा कागदी नमुना असावा तसा. तो समोर धरून हे विकर टोकाला पुन्हा पुन्हा तीच सहा अक्षरे जोडत जाते. ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि त्यांचे सहसंशोधक जॅक शोस्टाक यांना २००९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टेलोमरेज बीजपेशींत भरपूर असते. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर अशा सतत झीज भरून काढणाऱ्या ठिकाणच्या मूळपेशींत थोडेफार असते. शरीरातील इतर बहुसंख्य पेशींत मात्र जन्मापूर्वीच ते बंद करून ठेवलेले असते. जाहिरातवाले हे बंद कुलूप उघडण्याची भाषा करतात. निसर्गाने ते लावले कशासाठी, याविषयी ते बोलत नाहीत.

कुलूप कशासाठी?

कर्करोगाची पेशी एका रात्रीत तयार होत नाही. पेशीच्या जनुकांत एकामागून एक बिघाड साचत जातात आणि प्रत्येक बिघाडानंतर ती पेशी थोडी अधिक बेलगाम होते. हे घडायला पुष्कळ विभाजने लागतात. टेलोमिअरची झीज येथे आपल्या मदतीला येते. बिघडलेली पेशी भराभर विभागू लागली की तिचे टेलोमिअरही भराभर संपतात, आणि गाठ मोठी होण्याआधीच तिची वाढ खुंटते. आपल्या शरीरात अशी कितीतरी बंडे आपल्या नकळत मोडून पडत असतील. म्हातारपणी जखम उशिरा भरते, त्वचा पातळ होते, यामागे पेशींचे हे थांबणेही काही अंशी असते. तीच मर्यादा तरुणपणापासून आपले रक्षणही करत आलेली असते.

क्वचित एखाद्या बिघडलेल्या पेशीला टेलोमरेजचे कुलूप उघडण्याची किल्ली सापडते. मग तिला मर्यादा उरत नाही. बाल्टिमोरच्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ साली घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. लॅक्स त्याच वर्षी वारल्या. माणसाच्या पेशीतील टेलोमरेज प्रथम १९८९ साली सापडले, ते याच पेशींत. पुढे १९९४ साली अमेरिकेतील संशोधकांनी बारा प्रकारच्या कर्करोगांच्या १०१ गाठी तपासल्या, तेव्हा ९० गाठींत टेलोमरेज चालू असल्याचे दिसले. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी ऊतींच्या ५० नमुन्यांत ते एकाही ठिकाणी दिसले नाही. २०१३ साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या अभ्यासात सुमारे ७० टक्के गाठींमध्ये टेलोमरेजच्या जनुकाला चालू-बंद करणाऱ्या भागातच उत्परिवर्तन आढळले. कुलूप नेमके कोठे फोडले जाते, हे तेव्हा उघड झाले.

ज्या थोड्या कर्करोगांत टेलोमरेज नसते, ते एका गुणसूत्राच्या टोकाची नक्कल दुसऱ्यावर करून वेळ भागवतात. म्हणजे कर्करोग कोणताही असो, टोक सांभाळल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही.

सुचले सोपे, जमले अवघड

तर मग टेलोमरेज बंद करा की कर्करोग संपला, असे कोणालाही वाटेल. १९९०च्या दशकात शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात अडचणी निघाल्या. टेलोमरेज आज बंद केले तरी कर्कपेशी आज मरत नाही. तिच्या टोकांवर जी काही शिल्लक असेल ती संपेपर्यंत ती विभागत राहते, आणि तेवढ्या अवधीत गाठ वाढतच असते. दरम्यान अस्थिमज्जेतील निरोगी मूळपेशींनाही फटका बसतो.

दुसरा मार्ग लशीचा. कर्कपेशीच्या पृष्ठभागावर टेलोमरेजचे तुकडे दिसतात. रोगप्रतिकारशक्तीला ते ओळखायला शिकवले तर? स्वादुपिंडाच्या कर्करोगावर ब्रिटनमध्ये अशा लशीची मोठी चाचणी झाली. त्यात १,०६२ रुग्ण सहभागी झाले होते. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : केमोथेरपीला ही लस जोडल्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात टेलोमरेज रोखणाऱ्या औषधाची चाचणी झाली, तीही ठोस फायदा दाखवू शकली नाही. या अपयशांची बातमी कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. ती सांगितली पाहिजे, कारण ‘कर्करोगावर रामबाण उपाय सापडला’ असे मथळे वाचून आशेने धावपळ करणारी कुटुंबे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

यश मिळाले ते अनपेक्षित जागी. घट्ट गाठीच्या कर्करोगाऐवजी रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेच्या आजारात हे औषध उपयोगी पडले.

या आजाराचे नाव मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. डॉक्टर त्याला थोडक्यात एमडीएस म्हणतात. निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी तयार होतात. एमडीएसमध्ये एखादी मूळपेशी बिघडते, तिची प्रजा मज्जेत पसरते; पण या प्रजेतील पेशी नीट पिकत नाहीत आणि रक्तात येण्याआधीच मरतात. कारखाना रात्रंदिवस चालू, पण बाहेर माल येत नाही, अशी ही अवस्था. बहुतेक रुग्ण साठी-सत्तरीचे असतात, आणि आपल्याकडे पन्नाशीतही हा आजार आढळतो. काहींमध्ये तो पुढे तीव्र रक्तकर्करोगाचे रूप घेतो. ज्यांच्यात तो धोका कमी असतो, त्यांचे मुख्य दुखणे म्हणजे रक्तक्षय : जिन्याच्या चार पायऱ्यांत धाप लागणे, चेहरा पांढुरका पडणे, दिवसभर पडून राहावेसे वाटणे.

ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराला ‘पिशवी’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवायचे, त्यासाठी रक्तपेढीत खेपा घालायच्या, रक्तदाते गोळा करायचे, मुलाने किंवा सुनेने रजा टाकायची, आणि दिवस रुग्णालयात जायचा. रक्त चढले की आठवडाभर बरे वाटते आणि मग पुन्हा उतरण सुरू होते. शिवाय प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीराला ते बाहेर टाकण्याची सोय नाही; ते हृदयात आणि यकृतात साचत जाते आणि मग ते काढण्यासाठी वेगळी औषधे द्यावी लागतात.

अशा रुग्णांना आधी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने देतात. पण कित्येकांना त्यांचा उपयोग होत नाही किंवा काही काळाने तो थांबतो. नवे औषध या लोकांसाठी आहे. त्याचे नाव इमेटेलस्टॅट. डीएनएसारख्याच घडणीचा, अवघ्या तेरा अक्षरांचा हा तुकडा आहे. टेलोमरेज ज्या नमुन्याकडे पाहून शिवते, त्या नमुन्यालाच हा तुकडा जाऊन चिकटतो. नमुना झाकला गेला की शिवण थांबते. एमडीएसमधील बिघडलेल्या पेशी सतत विभागत असतात, त्यांना टेलोमरेजची गरज अधिक असते आणि त्यांचे टेलोमिअर आधीच आखूड झालेले असतात. त्यामुळे मार त्यांना जास्त बसतो, आणि निरोगी मूळपेशींना पुन्हा जागा मिळते, असे यामागील तत्त्व आहे.

निर्णायक चाचणीत १७८ रुग्ण होते आणि त्यांचे वय बहुतांशी सत्तरीच्या आसपास होते. आठ आठवड्यांत किमान चार पिशव्या रक्त लागणाऱ्यांनाच तीत घेतले होते. दर तिघांतील दोघांना औषध आणि एकाला औषधासारखेच दिसणारे निव्वळ द्रावण मिळाले. औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांना सलग आठ आठवडे रक्त चढवावे लागले नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. सलग २४ आठवडे रक्ताविना गेलेले रुग्ण औषधाच्या गटात २८ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ३ टक्के. ज्यांना औषध लागू पडले, त्यांच्यात हा रक्तमुक्त काळ साधारण वर्षभर टिकला.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. दहापैकी सहा रुग्णांना आठ आठवड्यांचीही मोकळीक मिळाली नाही. हे औषध आजार समूळ बरा करत नाही. आणि त्याची किंमत शरीर मोजतेच : दोन-तृतीयांश रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या, जवळजवळ तेवढ्याच रुग्णांच्या प्लेटलेट उतरल्या. त्या बहुधा काही आठवड्यांत सावरल्या, परंतु तेवढ्या काळात जंतुसंसर्गाची आणि रक्तस्रावाची भीती असते. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते. औषध दर चार आठवड्यांनी, दोन तास शिरेवाटे दिले जाते. २४ आठवड्यांत रक्ताची गरज घटली नाही तर ते थांबवायचे असते. २०२५ मध्ये युरोपातही त्याला मान्यता मिळाली आहे.

तरीही सहा महिने रक्तपेढीचे तोंड पाहावे न लागणे म्हणजे काय, हे पिशव्यांचा हिशेब ठेवणाऱ्या कुटुंबालाच कळेल. मला स्वतःला या सबंध संशोधनातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. अमरत्वाच्या गप्पांतून सुरू झालेले शास्त्र शेवटी एका दमलेल्या वृद्धाला जिना चढायला लावते.

हिमोग्लोबिन उतरले तर

या सगळ्याचा घरातल्या साध्या व्यवहाराशी जवळचा संबंध आहे. वृद्धाचे हिमोग्लोबिन ९ किंवा १० आले की अनेक घरांत लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर यांवर विषय मिटतो. वाढते वय हे रक्तक्षयाचे कारण नव्हे. कारण शोधावे लागते. बहुतेक वेळा ते साधेच निघते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी ज्येष्ठांत आणि आम्लपित्ताच्या किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत विशेष आढळते. ती एमडीएससारखेच चित्र उभे करू शकते आणि इंजेक्शनांनी सुधारते. मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइड, मूळव्याध किंवा आतड्यातून होणारा छुपा रक्तस्राव ही कारणेही तपासली जातात. ती सगळी बाजूला सारल्यावर हिमोग्लोबिन खालीच राहिले, किंवा त्याबरोबर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही कमी असतील, तांबड्या पेशींचा आकार मोठा दिसत असेल, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावे. ते अस्थिमज्जेची तपासणी सुचवतील. कमरेच्या हाडातून नमुना घेतात, म्हणून घरचे घाबरतात. पण जागा बधिर करून केली जाणारी ही तपासणी वृद्धांनाही सहसा झेपते. जाताना मागील दोन-तीन वर्षांचे रक्ताचे अहवाल तारखेप्रमाणे लावून न्यावेत. हिमोग्लोबिन किती आहे याइतकेच ते कोणत्या वेगाने उतरले, यावर डॉक्टरांचा निर्णय अवलंबून असतो.

आता कॅप्सूलविषयी. टेलोमिअर लांब म्हणजे आयुष्य लांब, हे समीकरण मुळातच कच्चे आहे. प्रयोगशाळेतील उंदरांचे टेलोमिअर आपल्यापेक्षा कितीतरी लांब असतात आणि ते जगतात दोन-तीन वर्षे. २०१७ साली चार लाखांहून अधिक रुग्णांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना जन्मतःच लांब टेलोमिअरचा वारसा मिळालेला असतो, त्यांना हृदयरोगाचा धोका काहीसा कमी, पण मेंदूतील ग्लायोमा, फुफ्फुसाचा एक प्रकारचा कर्करोग, मेलानोमा अशा अनेक कर्करोगांचा धोका अधिक असल्याचे त्यातून दिसले. २०२३ साली अमेरिकेतील संशोधकांनी एका जनुकातील दोषामुळे असाधारण लांब टेलोमिअर असलेल्या काही कुटुंबांचा अभ्यास मांडला. त्यांतील काहींचे केस उतारवयातही काळे होते. पाहणाऱ्याला हेवा वाटावा असे. पण याच लोकांत नाना प्रकारच्या गाठी आणि रक्तातील बिघडलेल्या पेशींची प्रजा यांचे प्रमाण मोठे होते. त्यांच्या पेशी थांबायच्या वेळी थांबत नव्हत्या.

टेलोमिअर वाढवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या आहारपूरक म्हणून बाजारात येतात, त्यामुळे औषधाला द्यावे लागतात तसे पुरावे त्यांना द्यावे लागत नाहीत. त्यांनी माणसाचे आयुष्य वाढते असे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही. त्यांनी कर्करोग होतो, असेही सिद्ध झालेले नाही. तसे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. मात्र ज्यांना कर्करोग होऊन गेला आहे किंवा उपचार चालू आहेत, त्यांनी टेलोमरेज जागे करण्याचा दावा करणारी वस्तू डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. दावा खोटा असेल तर पैसे गेले, आणि खरा असेल तर नको तेथे किल्ली दिली.

शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनात आणखी एक प्रश्न येतो : ताणाने टेलोमिअर झिजतात म्हणतात, ते खरे का? २००४ साली ब्लॅकबर्न आणि मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांनी ५८ मातांचा अभ्यास केला. त्यांतील अनेकींची मुले दीर्घकाळ आजारी होती. आजारी मुलाची आई आहे एवढ्यावरून टेलोमिअरमध्ये फरक दिसला नाही. पण शुश्रूषेची वर्षे जितकी अधिक आणि ताण जितका तीव्रतेने जाणवत होता, तितके पांढऱ्या पेशींतील टेलोमिअर आखूड होते. अभ्यास लहान होता आणि त्यातून कार्यकारणभाव ठरत नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षे रात्री जागून काढल्या आहेत, त्यांना तो पटायला जड जाणार नाही. डीन ऑर्निश यांनी प्रोस्टेटचा सौम्य कर्करोग असलेल्या दहा पुरुषांना पाच वर्षे शाकाहार, चालणे, योग आणि नियमित गटभेटी अशी दिनचर्या पाळायला लावली. त्यांच्या टेलोमिअरची लांबी सुमारे १० टक्क्यांनी वाढली. तुलनेच्या गटातील २५ जणांची ३ टक्क्यांनी घटली. दहा माणसांवरून नियम बांधता येत नाही. पण रोज चालावे, पुरेशी झोप घ्यावी आणि आठवड्यातून एक दिवस रुग्णापाशी दुसऱ्या कोणी बसावे, यासाठी टेलोमिअर मोजून घेण्याची गरज तरी काय?

मोजून देणाऱ्या कंपन्या आहेत. लाळेचा किंवा रक्ताचा नमुना घेऊन त्या ‘पेशींचे वय’ सांगतात. समवयस्क निरोगी माणसांतही टेलोमिअरच्या लांबीत इतका फरक असतो की एकट्या माणसाला त्या आकड्यावरून काहीही सांगता येत नाही. हा आकडा चिंता तेवढी देतो, आणि मग त्याच चिंतेवर कॅप्सूल विकली जाते.

ही तपासणी खरोखर उपयोगी पडते ती फार थोड्या कुटुंबांत. टेलोमरेजच्या जनुकात जन्मजात दोष असला तर टेलोमिअर अकालीच संपत येतात. अशा कुटुंबांत फुफ्फुस घट्ट होत जाण्याचा फायब्रोसिस हा आजार, अस्थिमज्जा निकामी होणे, कारण न कळणारा यकृताचा सिरोसिस आणि तिशीच्या आत पांढरे होणारे केस असे काहीसे विचित्र मिश्रण पिढ्यानपिढ्या दिसते. काकांना फुफ्फुसाचा आजार, पुतण्याची मज्जा कोरडी, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध आहे हे कोणाच्याही लक्षात आलेले नसते. आपल्या घराण्यात असे काही असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा रुग्णावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण करायची वेळ आली, तर त्याआधीच्या केमोथेरपीची मात्रा कमी ठेवावी लागते, कारण नेहमीची मात्रा त्याच्या फुफ्फुसांना आणि यकृताला सोसत नाही. आणि मज्जा द्यायला पुढे आलेल्या सख्ख्या भावाची किंवा बहिणीचीही टेलोमिअर तपासणी आधी करतात. वरून धडधाकट दिसणाऱ्या त्या भावंडात तोच दोष लपलेला असू शकतो, आणि मग दाता कुटुंबाबाहेर शोधावा लागतो.